दोन-तीन गुंजांचा उजेड

चपला काढून हातात घ्या आणि पाय जपून टाका. वाळू काळी आहे. पावसाची सर जाऊन जेमतेम अर्धा तास झाला, तेवढ्यात ढग फाटले, ऊन पडलं आणि ही वाळू तव्यासारखी तापली. तळवे भाजतात म्हणून तुम्ही ओल्या कडेला पळता. तिथे लाट गुडघ्यापर्यंत भिजवते आणि परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते. रत्नागिरीच्या मांडवीवर गेला असाल तर काळा किनारा तुम्हाला नवा नाही. पण इथल्या काळ्यात आणखी रंग आहेत. लाट मागे सरकली की पट्टे उमटतात. बरेचसे काळे, मधूनच डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल. आणि नीट वाकून पाहिलंत तर त्या दोन्हींमध्ये लपलेले मधाच्या रंगाचे बारीक कण. त्या पिवळ्या कणांसाठीच तुम्हाला इथे आणलं आहे.

साल १९१२ च्या आसपासचं धरा. गाव मणवाळकुरिची, त्रावणकोर संस्थान, कन्याकुमारीपासून फार लांब नाही. नाकात आधी शिरतो सुक्या मासळीचा वास, आणि मागोमाग त्याहून उग्र असा कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा. महिनोन्महिने पाण्यात कुजवायची, मग बडवून बडवून काथ्या काढायचा. झाडांच्या सावलीतून तो धपधप आवाज लाटांच्या तालाला छेद देत येतोच आहे.

या काथ्यापासूनच सगळं सुरू झालं. इथला काथ्या युरोपात जायचा आणि त्याला चिकटून इथली वाळूही फुकट प्रवास करायची. काथ्या घेणारे ती झटकून टाकत. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती झटकली नाही, तपासली. त्यात त्याला पिवळे कण दिसले. मोनाझाइट. पुढच्याच वर्षी या किनाऱ्यावर त्याचा कारखाना उभा राहिला.

"इंगे वा!"

तुम्हालाच हाक मारली. डोक्यावर चुंबळ ठेवून, ताडाच्या पात्यांची टोपली भरून एक बाई उभी आहे. टोपली डोक्यावर चढवायला तिला हात हवाय. वाळूच तर आहे, असं म्हणत तुम्ही एका हाताने उचलायला जाता आणि मनगटात कळ येते. पुन्हा, दोन्ही हातांनी. ही टोपली साध्या वाळूच्या टोपलीपेक्षा जवळजवळ दुप्पट जड आहे. बाई हसते. तिची मान ताठ, पाठ सरळ, एक हात कमरेवर, आणि पावलं अशी झपझप की रिकाम्या हाताने तिच्यामागे चालताना तुम्हालाच धाप लागते.

हा जडपणाच इथलं भांडवल आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे अतिप्राचीन खडक झिजतात, नद्या ती झीज समुद्रात आणून टाकतात, आणि पावसाळ्यातल्या लाटा ती पाखडत बसतात. हलकी पांढरी वाळू वाहून जाते, जड कण किनाऱ्यावर उरतात. सुपात दाणे खाली राहतात आणि फोलपट उडतं, तसंच. सुरुंग नाही, बोगदा नाही, शिडी लावून पाताळात उतरणं नाही. सगळ्यात खर्चिक काम समुद्राने फुकट करून ठेवलेलं असतं आणि माणसांनी फक्त वरचा काळा थर खरवडून घ्यायचा. खाणकाम म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं अंधारं, खोल चित्र पुसून टाका. ही खाण उन्हात आहे, सपाट आहे, आणि दर पावसाळ्यात पुन्हा भरते.

आता छपराखाली चला. आत इंजिनाची धडधड आहे आणि तिच्यामुळे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. उतरत्या फळ्यांवरून पाणी सोडलंय. हलकं ते वाहतं, जड ते अडतं. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी जे हाताने करतात, तेच इथे मोठ्या मापावर चाललंय. मग ओली वाळू तापवून सुकवायची. तिथली हवा अशी की श्वास आत घेताना नाकपुड्या कोरड्या पडतात. धूळ दातांखाली कचकचते. त्यानंतर चुंबक. काळं इल्मेनाइट चुंबकाकडे पटकन ओढलं जातं, लाल गार्नेट त्याहून कमी, पिवळं मोनाझाइट अगदी थोडं, आणि झिरकॉन जागचं हलत नाही. एवढ्याशा फरकावर ढीग वेगळे होतात. काळा ढीग डोंगराएवढा. पिवळा ढीग शेजारी, मांजर बसल्यासारखा.

काळ्या ढिगाचं काय करतात? काही नाही. तो पडून राहतो. पुढे काही वर्षांनी त्यातल्या टायटॅनियमपासून पांढराशुभ्र रंग बनायला लागेल आणि या किनाऱ्यावरची कमाई उलटून त्या काळ्यावर येईल. पण आज ते कोणाच्या स्वप्नातही नाही.

खिशात इअरफोनची डबी राहिली आहे ना? बाहेर काढा. झाकणाच्या कडेला काळ्या कणांची मिशी उगवलेली दिसेल. डबी मिटून ठेवणारा आतला चुंबक या वाळूतलं इल्मेनाइट ओढतोय. तो चुंबक निओडिमियमचा आहे आणि निओडिमियम या पिवळ्या कणांत असतं. तुम्ही ते शंभर वर्षांपुढून परत इथे आणलंत. पुसू नका, राहू दे ते कण. शेवटी लागतील.

शिट्टी झाली. रांग लागली आहे. बाईच्या तळहातावर तांब्याची चक्रम नाणी पडतात, अठ्ठावीस झाली की त्रावणकोरचा एक रुपया. ती नाणी मोजते, पदराच्या गाठीत बांधते आणि पायांवरची वाळू झटकते. ही वाळू किंचित किरणोत्सारी आहे हे तिला कोणी सांगितलेलं नाही. दिवसभर तीत बसायचं, तीवरून चालायचं, दुपारी तीवरच लवंडायचं. बर्लिनच्या प्रयोगशाळांत हे ठाऊक आहे. इथे नाही.

पावसाळा सरला, समुद्र निवला. पिवळी वाळू गोणीत भरून जहाजावर चढली. तुम्हीही चढा.

बर्लिन. आता मफलर लागेल. बाहेर कोळशाच्या धुराचं आभाळ, आत जळजळीत आम्लाची वाफ. डोळ्यांतून पाणी येईल, चोळू नका. पिवळी वाळू दळून पिठासारखी केली आहे आणि ती तीव्र गंधकाम्लात तापवली जाते. कढईत खदखदतं ते राखाडी पिठलं. ते थंड पाण्यात कालवायचं, गाळायचं, साका बसू द्यायचा, पुन्हा विरघळवायचं, पुन्हा साका. हे सगळं कशासाठी, तर थोरियमसाठी.

थोरियम का? पलीकडच्या दालनात चला, तिथे वास बदलतो. लांबच लांब टेबलं, त्यांच्यामागे ओळीने बायका. सुती जाळीच्या नळ्या थोरियमच्या द्रावणात बुडवायच्या, पिळायच्या, वाळवायच्या, वरच्या तोंडाला दोरा ओवायचा. मग जाळी पेटवायची. सूत जळून जातं, कापूस जळल्याचा वास दालनभर पसरतो, आणि सुताच्या जागी, अगदी त्याच विणीत, पांढऱ्या राखेची जाळी उरते. ती प्रवासात टिकावी म्हणून कोलोडियनमध्ये बुडवतात. त्यातल्या ईथरचा गोडसर, डोकं हलकं करणारा वास तुम्हाला बराच वेळ सोडणार नाही. ही दिव्याची जाळी. आपल्याकडे तिचं मेंटल झालं. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने ती बसवली. शंभरात नव्याण्णव भाग थोरियमचा ऑक्साइड आणि एक भाग सिरियमचा. सिरियम नसेल तर उजेड मलूल, जास्त झालं तरी मलूल. बरोब्बर एक भाग हवा. मिठासारखं.

एका जाळीत थोरियम असतं दोन-तीन गुंजांएवढं. आणि जाळी असते नाजूक. बोट लागलं, वारा झोंबला, दिवा आपटला की फुटली, नवी आणा. अशा कोट्यवधी जाळ्या खपतात. आता हिशेब तुम्हीच मांडा. किनाऱ्यावर टोपलीभर वाळूचे चक्रम मिळाले. ती इथे येईपर्यंत जहाजाचं भाडं चढलं. मग या आम्लाच्या दालनातून, भट्टीतून, गाळणीतून गेली, आणि तिच्यातला चिमूटभर अंश चांदीच्या तोलाने विकावा तसा विकला जातोय. वाळू तीच. किंमत वाढली ती दगडाची नव्हे, वेगळं करण्याच्या विद्येची. ही विद्या मोजक्या जर्मन कारखान्यांकडे आहे, त्यांनी संघ करून थोरियमचा भाव आपल्या मुठीत धरलाय. ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यावरची वाळूही त्यांनीच बांधून घेतलेली. त्रावणकोरच्या पिवळ्या वाळूत थोरियम ब्राझीलपेक्षा जास्त, शंभरात नऊ भागांच्या आसपास. म्हणूनच एवढ्या लांबून गोणी आल्या.

पण मला तुम्हाला दाखवायचं आहे ते मागच्या अंगणात. तिथे कोणी जात नाही. गाळून उरलेलं सगळं तिथे आणून ओततात, ढिगांवर पाऊस पडतो. शंभर किलो मोनाझाइटमधून नऊ किलोंसाठी एवढा आटापिटा केला. पण त्याच शंभरात साठ किलोंच्या जवळपास विरल मृदा आहेत. सिरियम, लँथॅनम, निओडिमियम, प्रॅसिओडिमियम आणि त्यांची बाकीची भावंडं. त्यांतलं निओडिमियमच दहा-अकरा किलो भरेल. कोणालाही नकोय. एका गाईकडून दूध, शेण, गोमूत्र एकदमच मिळतं, त्यातलं एकच हवं म्हणून चालत नाही. वाळूचंही तेच. एका धातूसाठी वाळू फोडली की बाकीचे सगळे ठरल्या मापाने आपोआप बाहेर पडतात. गिऱ्हाईक असो वा नसो.

'विरल' या नावाला भुलू नका. निसर्गात सिरियम तांब्याइतकंच सापडतं. विरळा आहे तो त्यांना एकमेकांपासून सोडवणारा. ही भावंडं स्वभावाने इतकी सारखी की एक विरघळलं की सगळी विरघळतात, एकाचे खडे झाले की सगळ्यांचे. खडे करा, विरघळवा, पुन्हा खडे करा. दर वेळी फरक केसाएवढा. साधारण याच काळात अमेरिकेत चार्ल्स जेम्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शुद्ध थुलियम मिळवायला १५,००० वेळा खडे पाडले. पंधरा हजार! मजुरी लावून बघा एकदा. तुमच्या डबीतला चुंबक या अंगणात पावसात भिजत पडलाय, आणि त्याला आत न्यायला कोणी तयार नाही.

आउअरला मात्र हे ढीग बघवेनात. त्याने त्यातल्या सिरियमच्या मिश्रधातूत लोखंड मिसळलं आणि त्याचा खडा घासला की ठिणगी उडते, हे दाखवलं. लायटरचा खडा तो हाच. ढिगाचा एक कोपरा विकला गेला. दुसऱ्या गाळातून ऑटो हान या रसायनशास्त्रज्ञाला मेसोथोरियम सापडलं होतं, ते रेडियमऐवजी विकायला लागले. कारखान्याचं नशीब अशा उरल्यासुरल्यावरच ठरतं. ज्याला गाळाचं गिऱ्हाईक सापडलं, त्याला मुख्य माल स्वस्त देऊनही परवडतं.

मफलर काढा. पुन्हा घाम फुटणार आहे. चाळीसेक वर्षं पुढे सरलो आणि केरळात पेरियार नदीच्या काठावर उतरलो. गाव आलुवा, पण इथे सगळे अलवाय म्हणतात. कच्ची वाळू परदेशी धाडणं आता बंद आहे. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी उभी राहिली, आणि १९५२ पासून तिचा हा कारखाना चालू झाला. वर्षाला १४०० टन मोनाझाइट पचवील एवढा. फ्रेंचांचं तंत्र घेतलंय. आम्लाऐवजी कॉस्टिक सोडा. तुमच्या जिभेवर साबण चाटल्यासारखी चव येईल, ती हवेतली आहे. दळलेली वाळू सोड्यात शिजते, तिच्यातला फॉस्फेट सुटा होतो आणि त्याचं ट्रायसोडियम फॉस्फेट विकायला निघतं. बर्लिनच्या अंगणातला धडा इथे गिरवलेला दिसतो. सोडा महाग, म्हणून तो उपपदार्थाच्या रूपाने गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा.

उरतो तो साका हायड्रोक्लोरिक आम्लात जपून विरघळवतात. आम्ल एवढंच की विरल मृदा विरघळाव्यात आणि थोरियम तळाशी राहावं. विरघळलेलं आटवलं की खडे तयार होतात. हात पुढे करा. फिकट गुलाबी, ओशट, घामट हाताला लगेच चिकटणारे. सगळी भावंडं अजूनही एकत्रच आहेत यात, कोणी कोणाला सोडवलेलं नाही. पिंपं भरून हे मिश्रणच बाहेरदेशी जातं. पिंपं ढकलणारा कामगार कपाळावरचा घाम दंडाला पुसतो आणि खडूने आकडा लिहितो. मला इथे उभं राहिलं की आनंदही होतो आणि रुखरुखही लागते. आपल्या वाळूचं अर्ध्याहून अधिक काम आपल्या हातांनी झालं, हे लहान नाही. पण सोडवणुकीची शेवटची पायरी, जिथे पैसा बसलेला असतो, ती पिंपांबरोबर पुन्हा समुद्रापार चालली आहे.

तळाशी राहिलेला थोरियमचा साका मात्र मुंबईला येतो. ट्रॉम्बेला १९५५ साली त्यासाठी कारखाना सुरू झाला. इथे आपण थांबत नाही. फक्त खारफुटीच्या चिखलाचा वास छातीत भरून घ्या आणि तयार झालेल्या पांढऱ्या थोरियम नायट्रेटच्या मागोमाग चला. ते चाललंय जाळ्या बनवणाऱ्यांकडे.

आणि आता अंधार.

माणदेशातलं गाव. वीज आलेली नाही. मे महिना, दिवसभर तापलेल्या दगडी भिंती अजून झळा मारतायत. पायाखाली फुफाटा. बोळात इतकी माणसं की तुमचा खांदा कोणाच्या तरी घामेजल्या सदऱ्याला घासल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. अत्तर, मोगरा, घोड्याची लीद, रॉकेल. ताशा कडकडतोय, सनईवाल्याचे गाल फुगलेत. घोड्यावर नवरदेव, मुंडावळ्यांतून काही दिसत नसल्याने आवाजाच्या दिशेने मान वळवणारा. पण वरात अडली आहे. बत्ती विझली.

"मेंटल फुटलं," कोणीतरी म्हणतं.

"नवं आण की मग! मुहूर्त टळून गेला, आता बत्तीनं काय घोडं मारलंय?"

बत्तीवाला उकिडवा बसतो. कागदाच्या पुडीतून मऊ कापडी जाळी काढतो, बाळाचं टोपडं बांधावं तशी दोऱ्याने गाठ मारतो. वाटीत स्पिरिट ओततो. काडेपेटी घामाने ओली, काडी पेटेना. गर्दीतून एक मुंबईवाला पुढे येतो. गिरणीत आहे, सुट्टीवर आलाय. खिशातून लायटर काढतो. पोरं त्याच्या हाताकडेच बघतायत. खडा घासला, खट्. ठिणगी उडाली. सिरियम जळलं.

निळी ज्योत. जाळी काळी पडते, धुरकट होते, आवळते, मग पांढरी. पंप मारणं सुरू, एक, दोन, दहा, वीस. फुर्रर्र आवाज चढत जातो आणि एकाएकी उजेड फुटतो. तुम्ही डोळे मिटून घेता. उघडता तेव्हा भिंतीवरचा शेणाचा प्रत्येक हात, म्हातारीच्या नथीतला प्रत्येक मोती, घोड्याच्या पापण्या, सगळं लख्ख. पाखरांचं घोंगावणं सुरू झालंच. दोन-तीन गुंजा.

बत्ती उचलायला एक बाई पुढे येते. डोक्यावर चुंबळ ठेवते. तिला हात द्यायला कोणी दिसत नाही. या वेळी तुम्हाला माहीत आहे, दोन्ही हात लावा. तापलेल्या पत्र्याचा चटका बोटांना बसतो. बत्ती तिच्या डोक्यावर चढते, मान ताठ होते, पाठ सरळ, एक हात कमरेवर. गरम हवा तिच्या केसांशी थरथरतेय. रात्रभर चालल्यावर तिच्या हातावर काही नाणी पडतील आणि ती पदराच्या गाठीत जातील.

तुमच्या खिशातली डबी काढा बरं. झाकणावरचे काळे कण अजून तसेच आहेत. या प्रखर उजेडात ते चमकतायत. जाळीतलं थोरियम, लायटरमधलं सिरियम, डबीतलं निओडिमियम आणि वर हे इल्मेनाइट. एकाच किनाऱ्यावरची चौघं, या बोळात, हातभर अंतरात.

ताशा पुन्हा कडाडतो. मागून कोणीतरी पाठीत ढोसतं. "ओ पाव्हणं, बत्ती पुढं गेली. सरका की."